ठिपकीची रक्षा, पंजाचा ठसा आणि चुकलेले एक अक्षर

आमची मांजरी ठिपकी सतराव्या वर्षी गेली. तिच्या तीन वर्षे आधी तिचा सख्खा भाऊ भुऱ्या गेला होता. दोघे एकाच खोक्यातून आमच्या घरी आले, एकाच ताटलीवरून भांडले आणि एकाच जुन्या शालीवर पाठीला पाठ लावून झोपले. त्यांना निरोप देण्याच्या आमच्या दोन पद्धतींत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर होते. भुऱ्याचा देह आम्ही दवाखान्यातच सोडला, एका कागदावर सही केली आणि रिकामा पिंजरा हातात घेऊन घरी परतलो. ठिपकीसाठी मात्र वेळेवर चौकशी करून पाळीव प्राण्यांच्या स्वतंत्र दहनाची सेवा घेतली. घरून देह नेणे, दहन, रक्षा परत आणून देणे, पंजाचा ठसा घेण्याचे साहित्य, नाव कोरलेली लाकडी पेटी, एक पुस्तिका आणि नंतरची विचारपूस असे सगळे त्या सेवेत येत होते. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. तिचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण अशा सेवा बहुतेक सारख्याच साच्यातल्या असतात. ज्याला गरज पडेल त्याला नावापेक्षा काय विचारावे आणि काय नाकारावे याचा उपयोग अधिक होईल.

भुऱ्याच्या वेळी दवाखान्यात आम्ही ज्या कागदावर सही केली, त्यावर दोन चौकोन होते आणि त्यांतल्या ‘सामुदायिक’ या शब्दापुढे मदतनीसाने आधीच खूण करून ठेवली होती. आम्ही तो शब्द वाचला नाही. वाचला असता तरी त्या क्षणी त्याचा अर्थ डोक्यात शिरला असता असे नाही, कारण भुऱ्या सकाळी चालत होता आणि संध्याकाळी नव्हता. घरी आल्यावर आईने विचारले, “त्याला कुठे ठेवलंय?” मी काहीतरी बोलले, पण ते उत्तर नव्हते, आणि ते उत्तर नव्हते हे तिलाही कळले. पुढची तीन वर्षे तो प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही. मात्र ठिपकी आजारी पडल्यावर मी पहिला फोन दहन करणाऱ्यांना केला, त्याचे कारण तोच प्रश्न होता.

या व्यवसायातली पहिली अडचण शब्दांची आहे, म्हणून तीच आधी सांगते. सामुदायिक दहनात अनेक प्राण्यांचे देह एकत्र ठेवले जातात आणि रक्षा कोणालाच परत मिळत नाही. खऱ्या अर्थाने स्वतंत्र म्हणावे अशा दहनात भट्टीच्या कक्षात एका वेळी एकच देह असतो. या दोहोंच्या मध्ये आणखी एक प्रकार असतो, ज्यात कक्ष एकच, पण देह अंतरा-अंतराने किंवा विटांच्या आडोशाने वेगळे ठेवलेले असतात; तिथे प्रत्येकाची रक्षा वेगळी गोळा केली, तरी थोडीफार सरमिसळ होणे टळत नाही. गोम अशी, की हा मधला प्रकारही कित्येकदा ‘वैयक्तिक’ किंवा ‘वेगळे’ याच नावाने विकला जातो. त्यामुळे ‘स्वतंत्र आहे ना?’ असे विचारून भागत नाही. ‘दहन चालू असताना कक्षात माझ्या मांजराखेरीज दुसरा कोणताही देह नसेल, हे लेखी द्याल का?’ असेच विचारावे लागते. मी हा प्रश्न तीन ठिकाणी विचारला. एकाने विषय बदलला, एकाने ‘आम्ही पुरेपूर काळजी घेतो’ एवढेच सांगितले आणि तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी “हो, आणि हवं असेल तर तुम्ही तिथे येऊन थांबूही शकता,” असे एका वाक्यात सांगून टाकले. ही सेवा निवडली ती त्या एका वाक्यावर.

चौकशीला वेळ मिळाला तो ठिपकीच्या आजारामुळे. मूत्रपिंडांचा जुनाट विकार म्हाताऱ्या मांजरांत इतका सर्रास आढळतो, की पशुवैद्यांनी नाव घेण्याआधीच मला तो ओळखू आला होता. ती पाणी फार पिऊ लागली होती, तिच्या शौचाच्या पेटीतल्या वाळूचे गोळे मोठे होऊ लागले होते आणि पाठीचा कणा हाताला लागू लागला होता. मूत्रपिंडांची दोन-तृतीयांशांहून अधिक क्षमता गेल्याखेरीज मांजर सहसा काही दाखवत नाही, आणि दाखवते तेव्हा उरलेले जपण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. आम्ही दहा महिने जपले. एक दिवसाआड तिच्या खांद्यांमधल्या कातडीखाली सलाईन द्यायला मी शिकले. सुई टोचताना ती माझ्याकडे पाहत नसे, भिंतीकडे पाहत असे. त्या दहा महिन्यांत मी तिच्यासाठी रडून घेतले असेल असे मला वाटले होते. तसे काही उसने फेडून ठेवता येत नाही, हे नंतर समजले.

सेवेचा सर्वांत उत्तम भाग मला प्रत्यक्ष दहनाच्या कितीतरी आधी मिळाला. चौकशीच्या त्या पहिल्या फोनवर बाईंनी माझे नाव विचारण्याआधी मांजराचे नाव विचारले, आणि मग एकही गोड शब्द न वापरता पहिल्या काही तासांत काय करायचे ते सांगितले. घाई करू नका, देह लगेच हलवावा लागत नाही, असे त्यांचे पहिले सांगणे. देह ताठर व्हायला साधारण दोन-तीन तासांत सुरुवात होते, म्हणून त्याआधीच तिला तिच्या नेहमीच्या झोपेच्या आकारात, पाय पोटाशी आणि शेपूट भोवती घेऊन, वळवून ठेवा, म्हणजे पुढे तिला उचलताना आणि पाहताना तुम्हालाच त्रास कमी होईल. खाली पाणी शोषणारे कापड घाला, कारण स्नायू सैल पडल्यावर लघवी बाहेर येते आणि ते पाहून घरचे घाबरतात. डोळे बहुधा मिटत नाहीत, ते मिटवायचा हट्ट धरू नका. क्वचित एखादा श्वास घेतल्यासारखा आवाज किंवा स्नायूची थरथर होते. ती जिवंत असल्याची खूण नव्हे. खोली थंड ठेवा, बर्फाच्या पिशव्या कापडात गुंडाळून अंगाशी लावा. यातले एकही वाक्य कोणत्याही सांत्वनपर पत्रात सापडणार नाही, पण त्या रात्री मला आधार दिला तो याच वाक्यांनी.

ठिपकीला शेवटचे झोपवले ते पशुवैद्यांनी घरी येऊन. तो भाग या सेवेचा नव्हता, तरी क्रम समजावा म्हणून लिहिते. आधी गुंगीचे इंजेक्शन, मग ती पूर्ण गाढ झाल्यावर भूल देणाऱ्याच वर्गातले पेंटोबार्बिटल हे औषध मोठ्या मात्रेत. सगळे काही मिनिटांत झाले. ती कपाटावरच्या तिच्या जागेवर नव्हती, कारण तिथे उडी मारणे तिने महिन्याभरापूर्वीच सोडले होते. ती त्याच जुन्या शालीवर आईच्या मांडीजवळ होती. सांगितले होते तसे मी तिला वळवून घेतले. तिचा उजवा कान थोडा दुमडून राहत होता, तो आईने दोनदा सरळ केला आणि तिसऱ्यांदा तसाच राहू दिला. आमची लहान मांजरी चिमी, वय वर्षे चार, दारातून आली, शालीची कड हुंगली, ठिपकीचे मागचे पाय हुंगले आणि निघून गेली. तिला काय समजले हे मी ठरवू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देह न्यायला आलेल्या माणसाने हातात पिशवी आणली नव्हती, वेताची उथळ टोपली आणली होती. ही गोष्ट मी वेगळी नोंदवते, कारण भुऱ्याच्या वेळी दवाखान्यातल्या काळ्या प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज आम्ही दाराबाहेरून ऐकला होता. त्याने बूट काढले, आईला “काकू, मी उचलू का, की तुम्ही ठेवता?” असे विचारले आणि आईने ठेवेपर्यंत हात मागे बांधून उभा राहिला. मग एक धातूचा बिल्ला दाखवला, त्यावरचा चार आकडी क्रमांक मला वाचायला लावला, पावतीवर तोच क्रमांक माझ्यासमोर लिहिला आणि सांगितले, की हा बिल्ला स्टीलचा असल्याने देहाबरोबर भट्टीत जातो आणि रक्षेबरोबर परत येतो. कक्षात साधारण ८०० ते १००० अंश सेल्सिअस तापमान असते आणि स्टील त्यात वितळत नाही, फक्त काळवंडते. शाल सुती असल्याने बरोबर जाऊ शकते, पट्ट्यावरची प्लास्टिकची घंटा मात्र काढून ठेवावी लागेल, असेही त्याने सांगितले. ती घंटा काढताना वाजली. तो माणूस त्या वेळी खिडकीबाहेर पाहू लागला. हे त्याला कोणी शिकवले असेल की उपजत असेल, कोण जाणे.

इथपर्यंत सेवा निर्दोष होती. तक्रारी वस्तूंपासून सुरू होतात.

पंजाच्या ठशाचे साहित्य आधीच घरी आले होते. त्यात हवेत वाळणाऱ्या पांढऱ्या मातीचा एक गोळा, पत्र्याचा गोल साचा, लाटण्यासाठी लाकडी दांडी आणि सूचनांचा कागद होता. सूचनांत पहिलीच गोष्ट चुकली होती. ठसा ‘निधनानंतर सवडीने’ घ्यावा असे त्यात लिहिले होते. प्रत्यक्षात ताठरपणा आल्यावर पंजाची बोटे पसरत नाहीत, आणि बोटांखालच्या गाद्यांऐवजी नुसते केस मातीत रुततात. आम्ही तासाभरातच ठसा घेतला म्हणून तो निदान उमटला. तरी पहिल्या खेपेस केसांचा एक झुबका मातीत अडकला. मी तो चिमट्याने काढू लागले तेव्हा आईने माझा हात धरला आणि “राहू दे,” म्हणाली. तो झुबका अजून त्या मातीत आहे आणि मला वाटते त्या सगळ्या सामानातली तेवढीच एक वस्तू खऱ्या अर्थाने ठिपकीची आहे. ज्यांना स्वच्छ ठसा हवा असेल त्यांनी बोटांमधले केस आधी थोडे ओले करून मागे सारावेत, किंवा शाई न लागणारे ठसा-कागद वापरावेत, जे मांजर जिवंत असताना झोपेतसुद्धा वापरता येतात. मातीचे आणखी एक वैगुण्य असे, की वाळताना पाणी उडून ती आकसते. आमच्या ठशाला चौथ्या दिवशी मधल्या मोठ्या गादीपासून कडेपर्यंत एक बारीक चीर गेली. सूचनांत याचा उल्लेख नव्हता. दोन्ही बाजूंनी उलटसुलट करत, सावलीत, हळूहळू वाळवली असती तर बहुधा ती टळली असती.

ठशाविषयी एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मांजराच्या पावलाच्या खुणेत नखे दिसत नाहीत, कारण चालताना ते नख्या आत ओढून घेते. मांजराचा ठसा कुत्र्याच्या ठशापासून वेगळा ओळखायचा तो त्यावरूनच. ठिपकीच्या ठशात मात्र चारही नखे उमटली आहेत. म्हातारपणी मांजराच्या नख्या जाड होतात आणि पूर्ण आत जात नाहीत, म्हणून शेवटच्या वर्षभरात ती फरशीवरून चालताना टकटक असा बारीक आवाज यायचा. तो आवाज मी विसरले होते. ठशाकडे पाहिल्यावर तो आठवला, आणि चीर पडलेल्या त्या मातीला नावे ठेवण्याचा माझा उत्साह बराच कमी झाला.

रक्षा सहाव्या दिवशी आली. मृत्यूसमयी ठिपकीचे वजन २.९ किलो होते आणि परत आलेली रक्षा जवळपास ९० ग्रॅम भरली. इतकेसे पाहून आईला वाटले, की काहीतरी कमी दिले असावे. तसे नसते. दहनात उरते ती मुख्यतः हाडांतली खनिजे, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट. ती यंत्रात दळून देतात, आणि शरीराच्या वजनाच्या तीन-साडेतीन टक्के हा हिशेब मांजराला लागू पडतो. तिचा रंग करडा नसून मळकट पांढरा असतो आणि स्पर्श राखेसारखा मऊ नसून जाड रव्यासारखा. हे आधी सांगितले असते तर बरे झाले असते. ज्या सेवेने डोळे मिटत नाहीत हे न कचरता सांगितले, ती रक्षेच्या रूपाविषयी का गप्प बसली हे मला कळले नाही. बिल्ला मात्र होता, काळवंडलेला, पण क्रमांक स्पष्ट. मी पावती आणून तो दोनदा ताडून पाहिला आणि आईने तिसऱ्यांदा.

पेटीवर मात्र नाव ‘टिपकी’ असे कोरलेले होते. अर्जावर मी ठळक अक्षरांत लिहिले होते आणि कोरण्याआधी तपासायला नमुना पाठवतो असे आश्वासनही होते, पण नमुना आला नाही. आपण ज्याला सतरा वर्षे एका नावाने हाक मारली, त्याचे नाव परक्या हाताने चुकीचे लिहिलेले पाहून काय वाटते, हे ज्याला वाटले त्यालाच कळेल. एरवी एका अक्षराची ती चूक हसण्यावारी गेली असती. तक्रार केल्यावर पहिले उत्तर आले ते ‘उच्चार सारखाच असल्याने’ अशा सुरुवातीचे. ठ आणि ट यांचा उच्चार सारखा नाही, हे मी त्यांना लिहून कळवले. त्यानंतर बाईंचा स्वतःचा फोन आला, त्यांनी सबब न सांगता क्षमा मागितली आणि पंधरा दिवसांत नवी पाटी आली. माझा सल्ला असा, की पेटीचा संच घेऊच नये. दोन मुठी रक्षा घरातल्या कोणत्याही झाकणाच्या डब्यात राहते, आणि तो डबा तुमच्या मांजराने निदान एकदा तरी खाली पाडलेला असतो.

संचासोबत आलेली दुसरी निरर्थक वस्तू म्हणजे ‘स्मृतिरोप’: कुजणाऱ्या कागदाची कुंडी, थोडी माती, फुलझाडाचे बी, आणि रक्षा त्यात मिसळून रोप वाढवा अशी सूचना. कल्पना मनाला भुरळ घालणारी आहे, पण दहनाची रक्षा अतिशय अल्कधर्मी आणि क्षारयुक्त असते, आणि ती कुंडीएवढ्या मातीत थेट मिसळली तर बी रुजण्याऐवजी जळण्याचीच शक्यता अधिक. दुःखात असलेल्या माणसाच्या हाती जे रोप मरणार आहे ते देणे, ही मला या सेवेतली सर्वांत अविचारी गोष्ट वाटली. रक्षा मातीतच मिसळायची असेल तर ती फार थोडी घ्यावी, भरपूर कुजलेल्या खतात आणि मातीत कालवावी आणि मोठ्या झाडापासून दूर पसरावी. जे दहनाऐवजी दफनाचा विचार करतात त्यांच्यासाठी एक इशाराही इथेच द्यावासा वाटतो: पेंटोबार्बिटल देहात दीर्घकाळ टिकून राहते, आणि उथळ पुरलेला असा देह उकरून खाणारा कुत्रा किंवा गिधाड त्याने मरू शकते. पुरायचे तर किमान मीटरभर खोल, हे त्या पुस्तिकेत छापायला हवे होते.

पुस्तिकेत छापले होते ते वेगळेच. तिची पहिली चार पाने प्राचीन इजिप्तची होती: घरातले मांजर वारले की सगळे कुटुंब भुवया उतरवत असे, ही ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने लिहून ठेवलेली गोष्ट, मांजराच्या रूपातली बास्टेट देवी, आणि सोनेरी चित्रे. त्यानंतर ‘तुमचे दुःखही तितकेच पुरातन’ असे एक वाक्य. अर्धी माहिती कशी फसवते याचा हा नमुना आहे. राजपुत्र थुटमोस याने आपल्या ता-मिऊ या मांजरीसाठी दगडी शवपेटी कोरून घेतली हे खरे, पण देवळांत सापडलेल्या लाखो मांजर-ममींपैकी पुष्कळ मांजरे नवस फेडायला विकण्यासाठीच वाढवलेली आणि कोवळ्या वयात मान मोडून मारलेली होती, हेही क्ष-किरण तपासण्यांतून दिसले आहे. १८९० साली अशा सुमारे १,८०,००० ममी जहाजाने लिव्हरपूलला नेऊन खत म्हणून विकल्या गेल्या. पुरातनपणाचा दाखला हवाच होता, तर सायप्रसमध्ये माणसाच्या थडग्यापासून हातभर अंतरावर, त्याच दिशेला तोंड करून पुरलेले ९५०० वर्षांपूर्वीचे मांजर आहे; त्याला ना देवी लागते ना सोने.

नंतरच्या विचारपुशीचे दोन भाग होते. एक म्हणजे ठरलेल्या दिवसांनी आपोआप येणारी पाच पत्रे, ज्यांत ‘टिपकी’ हे नाव तिसऱ्या पत्रापर्यंत तसेच राहिले. ती बंद करण्याची सोय आहे. पहिल्याच दिवशी करावी. दुसरा भाग म्हणजे पंधरवड्यानंतरचा एक फोन, आणि तो मात्र फोलपटात हाती लागलेला दाणा होता. तोवर ‘मांजरच तर होतं’ हे वाक्य मला नाना तऱ्हांनी ऐकवून झाले होते, कधी सहानुभूतीच्या सुरातसुद्धा. ज्या शोकाला आजूबाजूचे लोक शोक म्हणून मान्यताच देत नाहीत, त्याच्यासाठी केनेथ डोका या अभ्यासकांनी १९८९ साली एक स्वतंत्र संज्ञा मांडली, आणि पाळीव प्राण्याचा मृत्यू हे तिचे ठळक उदाहरण मानले जाते. त्या फोनवर बाईंनी संज्ञा वापरली नाही. “ती कुठे झोपायची?” असे विचारले. मी शालीबद्दल सांगू लागले आणि मग जे मला खरोखर सलत होते तिथे आपोआप आले: मी आठवडाभर आधी निर्णय घ्यायला हवा होता का? त्यांनी ‘तुम्ही योग्यच केलंत’ असे म्हटले नाही. “हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतो, कोणी म्हणतं उशीर केला, कोणी म्हणतं घाई केली,” एवढेच म्हणाल्या. माझ्यापुरते ते पुरेसे होते.

चिमीबद्दलही मी त्यांना विचारले, कारण ती रात्री कपाटापाशी जाऊन ओरडू लागली होती आणि निम्मेच खात होती. घरातला जोडीदार गेल्यावर मागे राहिलेल्या मांजरांविषयी चारशेहून अधिक मांजरांच्या पालकांना विचारून केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यात खाणे, झोपणे आणि खेळणे कमी होणे, लपून बसणे आणि माणसाला अधिक चिकटणे असे बदल नोंदवले गेले, पण संशोधकांनीच सावध केले आहे, की शोकात असलेला माणूस स्वतःचे दुःख मांजरात पाहत असेल अशीही शक्यता आहे. बाईंचे उत्तर अधिक व्यवहारी होते: मांजराने दिवसभर काहीच खाल्ले नाही तर ते दुःख समजून थांबू नका, यकृतावर परिणाम होतो, पशुवैद्यांना दाखवा, आणि जोडीला नवे पिल्लू आणायची घाई करू नका. चिमी महिन्याभरात सावरली. कपाटावर ती आजही चढत नाही.

जी गोष्ट कोणत्याही संचात नाही आणि सर्वांत आधी साठवून ठेवायला हवी होती, ती म्हणजे गुरगुर. ठिपकीची छायाचित्रे आमच्याकडे शेकड्यांनी आहेत, गुरगुर मात्र एकाच चलचित्रात, तीही अपघाताने, अकरा सेकंद. मांजराची गुरगुर २५-३० हर्ट्झ इतक्या खालच्या पट्टीतून सुरू होते आणि फोनचा एवढासा स्पीकर ती पट्टी वाजवूच शकत नाही. म्हणून आवाज ध्वनिमुद्रित झालाच नाही असे वाटून मी ते चलचित्र जवळजवळ पुसून टाकले होते. चांगले हेडफोन लावल्यावर तो ऐकू आला. २०२३ मध्ये संशोधकांनी आठ मांजरांचे स्वरयंत्र तपासले. असाध्य आजारामुळे दयामरण दिलेली ती मांजरे होती आणि त्यांच्या पालकांनी तशी संमती दिली होती. मेंदूचा किंवा मज्जातंतूंचा कोणताही संबंध नसताना, केवळ उबदार हवा सोडल्यावर, त्या आठही स्वरयंत्रांतून गुरगुर उमटली. ते वाचल्यावर मी तो लेख आईला दाखवावा की नाही याचा दोन दिवस विचार केला आणि मग दाखवला. ती म्हणाली, “त्या आठ जणांच्या घरच्यांना ऐकवलं का ते?”

सारांश विचाराल तर स्वतंत्र दहन, देह नेण्याची पद्धत आणि फोनवरचे मार्गदर्शन यांसाठी ही सेवा मी कोणालाही निःशंकपणे सुचवेन. पेटी, रोप, पुस्तिका आणि पत्रे यांना नकार द्यायला सांगेन. ठशाचे साहित्य स्वतः वेगळे आणून मांजर हयात असतानाच वापरायला सांगेन. एक गोष्ट मात्र यांपैकी कशातच बसत नाही. शेवटच्या फोनवर मी सहज भुऱ्याचा विषय काढला. बाईंनी दवाखान्याचे नाव आणि महिना विचारून घेतला आणि दोन दिवसांनी, कोणतेही शुल्क न लावता, निरोप दिला: त्या काळात तिथले सामुदायिक दहन ज्या ठिकाणी होत असे, तिथल्या आवारातल्या झाडांखाली सगळ्यांची रक्षा एकत्र पसरली जाते. मी आईला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग तिने विचारले, “सगळ्यांची म्हणजे कुत्र्यांचीसुद्धा?” मी म्हटले, असेल. “मग त्याला नाही आवडायचं ते,” आई म्हणाली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच भुऱ्याविषयी बोलताना हसली.